कुणापासून काय लपवायचं? वाढलेला त्वचेचा कर्करोग, आईबाप आणि उमेद

नोव्हेंबर २०२४मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांची हकीकत छापून आली. लिहिणारे डॉक्टर वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातले आणि बिहारमधल्या मधुबनीच्या वैद्यकीय महाविद्यालयातले. एक बाई सत्तर वर्षांची. परकराची नाडी जिथे करकचून बसते नेमक्या तिथेच, उजव्या कुशीवर, अठरा महिने न भरलेली जखम. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली, चाळीस वर्षं परकराशिवाय रोज घट्ट लुगडं नेसणारी. तिची जखम दोन वर्षांची होती आणि कर्करोग जांघेतल्या गाठीपर्यंत उतरला होता. बातमी जगभर फिरली, ‘साडी कॅन्सर’ म्हणून तिची थोडी टिंगलही झाली.

माझ्या पुलगावहून वर्ध्याच्या त्या महाविद्यालयाचं सावंगीतलं रुग्णालय तीसेक किलोमीटरवर. संपादकांनी मला विषय दिला तो असा: त्वचेचा कर्करोग हाताबाहेर गेलेला असताना आईबाप उमेद कशी टिकवतात, आणि याबद्दलची चर्चा आज कुठवर आली आहे. वाचायला बसलो तेव्हा एक अडचण पहिल्याच दिवशी समोर आली. या विषयावरचं बहुतेक लेखन चाळिशीतल्या बापाचं किंवा आईचं आहे. मुलं शाळेत जाणारी, आणि प्रश्न हा की मुलांना सांगायचं कसं. आपल्याकडच्या त्या दोन बायकांच्या वयाचा विचार केला तर त्यांची मुलं कर्तीसवरती असायची, आणि प्रश्न उलटा होतो: मुलांनी आईला सांगायचं का? लपवणं दोन्ही दिशांनी चालतं. हा आढावा घेताना मी ही गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवली आहे.

आजार एक नाही

त्वचेचा कर्करोग म्हटलं की गोऱ्या कातडीचे, उन्हात पहुडणारे लोक आठवतात, आणि ते चूक नाही. मेलानोमा हा त्यातला सर्वांत जहाल प्रकार भारतात दुर्मीळ आहे. पण होतो तेव्हा तो बऱ्याचदा पायाच्या तळव्यावर किंवा नखाखाली होतो, म्हणजे जिथे कोणी बघत नाही. भेगा, काट्याची जखम, कुरूप असं समजून महिने जातात. गायक बॉब मार्लीला १९७७मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच निघाला. श्रद्धेपोटी त्याने अंगठा कापू दिला नाही आणि १९८१मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, मागे बरीच मुलंबाळं ठेवून तो गेला.

आपल्याकडे जास्त दिसतो तो स्क्वेमस पेशींचा कर्करोग, आणि त्याला इथला इतिहास आहे. भाजल्याचा व्रण, वर्षानुवर्षं घासली जाणारी जागा, कुष्ठरोग्याच्या तळव्यावरची बधिर जखम, अशा जुन्या जागी तो उगवतो. १८२८मध्ये फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिनने जुन्या व्रणांमधल्या अशा जखमांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मार्जोलिनचा व्रण म्हणतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह १९४५मध्ये ‘धोतर कॅन्सर’ नोंदवला. कंबरेला रोज एकाच जागी धोतर कसून बांधणाऱ्या पुरुषांचा. वर्ध्याच्या २०२४च्या निबंधात तीच जागा दिसते, फक्त धोतराऐवजी परकर आणि लुगडं. पुलगाव हे कापसाचं आणि बंद पडलेल्या गिरणीचं गाव. इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईच्या कंबरेवरचा काळा, गुळगुळीत झालेला पट्टा बघा. ‘नाडीचा वण आहे, असतोच,’ असं ती सांगेल, आणि बहुतेकींच्या बाबतीत ते खरंही असतं.

लवकर हाती लागला तर हा कर्करोग बहुतेकदा शस्त्रक्रियेने बरा होतो. म्हणजे आपल्या भागात ‘वाढलेला’ या शब्दात पुष्कळदा जीवशास्त्रापेक्षा उशीर जास्त असतो. कंबर डॉक्टरला दाखवायची लाज, कोणी तरी दिलेला झाडपाला, मलमांच्या ट्यूबा, आणि जखम न भरणं म्हणजे साखर, असा ठाम समज. उमेदीवरच्या इंग्रजी पुस्तकांतला रुग्ण तुकडा तपासून आल्यावर कथेत शिरतो. इथली कथा त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

औषधांनी बदललेला हिशेब

२०११पर्यंत पसरलेल्या मेलानोमाचा रुग्ण साधारणपणे वर्षभरही काढत नसे. त्या वर्षी अमेरिकेत इपिलिमुमॅबला मान्यता मिळाली. शरीराच्या प्रतिकारशक्तीला लावलेला ब्रेक सोडवणारं हे पहिलं औषध. २०१४मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब आली. २०१८मध्ये जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना याच कामासाठी नोबेल मिळालं. ॲलिसनची आई लिम्फोमाने गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. २०२४मध्ये एका मोठ्या चाचणीचे दहा वर्षांचे निकाल प्रसिद्ध झाले: इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब एकत्र घेतलेल्यांपैकी ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. ज्या आजारात मुलाची इयत्ता बदलेपर्यंत जगण्याची खात्री नव्हती, त्यात काहींना मुलाचं लग्न बघता येऊ लागलं. स्क्वेमस प्रकारासाठी २०१८मध्ये सेमिप्लिमॅब आलं. मूळ चाचणीत दूर पसरलेल्या आजाराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत गाठी लहान झाल्या.

पण तळव्यावरचा मेलानोमा या औषधांना इतर मेलानोमाइतकी दाद देत नाही. आणि पूर्ण मात्रेचा खर्च लाखांत जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर गेली आहे, पण ज्या औषधाचे डोस दर दोन-तीन आठवड्यांनी आणि महिनोन्‌महिने चालतात, त्याच्यापुढे ही रक्कम फार काळ पुरत नाही. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी यावर एक वेगळी वाट काढली. तोंड-घशाच्या वाढलेल्या कर्करोगात निव्होलुमॅबचे फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी दिले, म्हणजे नेहमीच्या मात्रेचा अगदी लहान हिस्सा. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. त्वचेच्या कर्करोगात असंच घडेल का, हे या चाचणीवरून ठरत नाही. पण नातेवाईक विचारतात, आणि विचारणं साहजिक आहे.

आकड्यांबद्दलचा एक जुना, शहाणा लेख इथे आठवतो. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२मध्ये पोटातला मेसोथेलिओमा निघाला. दोन मुलग्यांचा हा बाप ग्रंथालयात गेला आणि वाचलं की निम्मे रुग्ण आठ महिन्यांत जातात. मग त्याने गणिती माणसाचा प्रश्न विचारला: उरलेले निम्मे किती जगतात? आठ महिन्यांनंतरचं शेपूट लांब होतं. त्यावरचा लेख १९८५चा. गूल्ड २००२मध्ये गेले, तेही दुसऱ्याच कर्करोगाने. उमेदीच्या वादातल्या दोन्ही बाजू हा लेख आपापल्या पुराव्यात धरतात. एक म्हणते, बघा, आकड्यांनी खचू नका. दुसरी म्हणते, त्यांनी आकडे नीट वाचले, टाळले नाहीत. मला दुसरी जास्त पटते.

‘हिंमत ठेवा’ने आयुष्य वाढतं का?

हा वाद जुना आहे आणि त्यातलं पुष्कळसं आता निकाली निघालं आहे. १९७९मध्ये लंडनच्या संशोधकांनी म्हटलं की स्तनाचा कर्करोग झालेल्या झुंजार वृत्तीच्या बायका जास्त जगल्या. अभ्यास छोटा होता, पण कल्पना जगभर पसरली. १९९९मध्ये ५७८ बायकांवरचा मोठा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि झुंजार वृत्तीचा आयुर्मानाशी संबंध दिसला नाही. मात्र अगदी खचून जाणं, ‘आता काही उरलं नाही’ असं वाटणं, याचा थोडा प्रतिकूल परिणाम दिसला. म्हणजे हसरं राहण्याने गाठ वितळत नाही, पण कोलमडू न देण्याला अर्थ आहे.

‘हिंमत ठेवा’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं इतक्याने संपत नाही. उमेद आयुष्य वाढवते की नाही हे बाजूला ठेवा, ती आयुष्य चालवते, असं ते म्हणतात. मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी आशेची दोन अंगं मांडली: जायची वाट दिसणं, आणि त्या वाटेने जायचं बळ वाटणं. उलट बाजूला बार्बरा एरेनराइक. स्वतः स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या या लेखिकेने २००९च्या पुस्तकात लिहिलं की सक्तीचं हसू रुग्णावर दुसरं ओझं टाकतं. बरा झाला नाहीस तर तुझंच मन कमी पडलं, असा त्याचा अर्थ निघतो. आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांना कर्करुग्णाने कसं असावं हे १९७१च्या ‘आनंद’ने शिकवलं. आनंद हसतो, सगळ्यांना हसवतो आणि जातो. हे सोपं जातं, कारण आनंदला ना बायको, ना पोरं.

भाषेने इथे एक मदत केली आहे, ती संशोधकांच्या ध्यानात यायचं कारण नाही. इंग्रजीत एकच शब्द आहे, मराठीत किमान दोन. आशा ‘लावतात’, आशा खोटी निघते, आशेवर ठेवून कोणी फसवतंही. ‘खोटी उमेद’ मात्र कोणी म्हणत नाही. डॉक्टर दाराबाहेर मुलाला सांगतो, ‘फार आशा लावू नका.’ मुलगा आत येऊन आईला सांगतो, ‘उमेद सोडू नको.’ दोघंही खरं बोलत असतात.

संन्याशांचे आदर्श

तिसरी भूमिका स्वीकाराची, आणि ती वर्ध्यापुरती फार जवळची आहे. विनोबांनी पवनारला नोव्हेंबर १९८२मध्ये हृदयविकारानंतर अन्न आणि औषध थांबवलं आणि १५ तारखेला देह ठेवला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीच्या गुरुकुंजात, तुकडोजी महाराज १९६८मध्ये कर्करोगाने गेले. नागपूरचं कर्करोग रुग्णालय आज त्यांच्याच नावाने आहे. मरणाला शांतपणे सामोरं जावं, हे इथल्या घराघरांत याच उदाहरणांनी सांगितलं जातं.

पण आपल्याकडचे मरणाचे आदर्श बहुतेक संन्याशांचे आहेत. ज्याच्यावर कोणाचं पोट अवलंबून नाही, त्याचा स्वीकार आणि जिच्या धाकट्याची बारावी व्हायची आहे तिचा स्वीकार एक कसा असेल? उपशामक उपचार करणारे डॉक्टर याच गाठीशी येऊन थांबतात. देशातलं पहिलं शुश्रूषागृह, ‘शांती अवेदना’, १९८६मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. २०१४मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन मिळवणं काहीसं सुकर झालं. २०१०मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात वाढलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना सुरुवातीपासूनच हे उपचार दिले गेले. त्यांचे दिवस बरे गेले, नैराश्य कमी राहिलं, आणि ते मध्यकाच्या हिशेबाने पावणेतीनेक महिने जास्त जगले. ‘पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले’ हा समज त्या निकालाने बराच हलला, निदान कागदावर तरी.

त्वचेच्या कर्करोगात हे काम किती साधं आणि किती मोठं असतं, हे जखमेजवळ बसल्याशिवाय कळत नाही. उघडी, फुटलेली जखम वास मारते. त्या वासाने घर विभागलं जातं. म्हातारीची खाट पडवीत जाते, नातवंडं दारातूनच ‘आजी’ म्हणून हाक मारतात, सून नाकाला पदर लावते आणि नंतर स्वतःलाच दोष देते. मेट्रोनिडाझोलची साधी गोळी, हगवणीवर देतात तीच, कुटून जखमेवर भुरभुरली की पुष्कळदा काही दिवसांत वास खूप कमी होतो. वर सैल पट्टी, सैल कपडा. मग एखादं नातवंड खाटेवर चढून बसतं. या सगळ्याला उपचार म्हणायचं की उमेद, यावर चर्चासत्रांत मतभेद आहेत. खाटेवरच्या बाईला त्याचं काही नसतं.

सांगायचं की नाही

सर्वांत तापलेला मुद्दा हा. १९६१मध्ये अमेरिकेत डॉक्टरांना विचारलं तेव्हा नव्वद टक्क्यांच्या आसपास म्हणाले, रुग्णाला कर्करोग आहे हे आम्ही सांगत नाही. १९७९मध्ये तोच प्रश्न विचारला, तर ९७ टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत पारडं पूर्ण फिरलं. भारतातल्या कुटुंबांनी ते पूर्ण फिरू दिलेलं नाही. इथे रुग्ण आत येण्याआधी मुलगा आत येतो: ‘साहेब, मायला सांगू नका, ती खचेल.’

न सांगण्याच्या बाजूचं म्हणणं हलकं नाही. आई एकटी रुग्ण नसते, घर रुग्ण असतं, निर्णय घराचा. ज्या बाईने आयुष्यात एकही निर्णय एकटीने घेतला नाही, तिला अचानक संपूर्ण माहिती देऊन सही मागणं हाही एक प्रकारचा अत्याचारच, असं काही ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात. सांगण्याच्या बाजूचे म्हणतात, न सांगितल्याने उमेद टिकत नाही, एकटेपणा वाढतो, आणि जमीन नावावर करणं, धाकटीचं लग्न, कोणाशी तरी बोलून घेणं ही कामं राहून जातात. शिवाय सांगितलं तरी पोचतंच असं नाही. २०१२च्या एका अमेरिकन अभ्यासात पसरलेल्या कर्करोगाचे दोन तृतीयांशांहून जास्त रुग्ण किमोने आपण बरे होणार असं धरून चालले होते. आणि डॉक्टरही आशावादात मागे नाहीत: २०००च्या एका अभ्यासात त्यांनी वर्तवलेलं उरलेलं आयुष्य प्रत्यक्षाच्या पाचपटीहून जास्त निघालं.

ग्लेसर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६५मध्ये एका अवस्थेला नाव दिलं, ती मला आपल्या घरांत सर्वांत जास्त दिसते: सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि सगळे सोंग करतात. रेल्वे कर्करुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि तिसऱ्या एसीत पूर्ण सवलत देते, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठीच्या प्रमाणपत्रावर आजाराचं नाव लिहिलेलं असतं. एका तिकीट खिडकीवर माझ्या पुढे उभ्या मुलाने तो कागद घडी घालून खिशात दडवला होता. आई मागे बाकड्यावर. आतून कारकुनाने मोठ्याने विचारलं, ‘कॅन्सर पेशंट कोण?’ मुलाने मागे वळून पाहिलं, आई गाड्यांच्या पाटीकडे बघत होती. तो तिकीट घेऊन पाणी आणायला गेला तेव्हा ती शेजारच्या बाईला म्हणाली, ‘पोराले वाटते मले ठाऊक नाही. असू दे.’

लहान मुलं

मुलं शाळेत जाणारी असतात तेव्हा अभ्यासक बऱ्यापैकी एकमताने बोलतात, आणि या आढाव्यात हे एकमत विरळ आहे. मुलांना कळतंच. दारामागचं बोलणं, औषधांचा डबा, आजोळी अचानक लांबलेला मुक्काम. न सांगितलं तर पाच-सहा वर्षांचं मूल कारण स्वतःत शोधतं: मी त्रास दिला म्हणून बाबा आजारी पडले. बॉस्टनच्या बालमानसोपचारतज्ज्ञ पॉला राउख यांच्या कामाचा गाभा असा की मुलाला एकट्याने काळजी करायला लागणं सर्वांत वाईट. आजाराचं खरं नाव सांगा, तुझ्यामुळे झालं नाही हे सांगा, शिवल्याने लागत नाही हे सांगा. हे शेवटचं आपल्याकडे जास्त जोर देऊन सांगावं लागतं. ज्या जिल्ह्यात मनोहर दिवाणांनी १९३६मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं, त्या जिल्ह्यातही न भरणाऱ्या जखमेला लोक पुष्कळदा एकाच नजरेने बघतात, आणि ती नजर शाळेपर्यंत पोचते.

मतभेद आहे तो किती पुढचं सांगायचं यावर. ‘बाबा बरे होतील का?’ याला ‘डॉक्टर खूप प्रयत्न करताहेत’ हे उत्तर पुरेसं मानणारे आहेत. मूल पुन्हा विचारतं तेव्हा त्याला ‘माहीत नाही, पण कळलं की तुला सांगेन’ असं म्हणावं, असं दुसरे म्हणतात.

अजून हाती न लागलेलं

वर आलेले बहुतेक अभ्यास स्तन, फुफ्फुस आणि आतड्याच्या कर्करोगांवरचे, शहरांतले, इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांचे. त्यांचे निष्कर्ष लुगडं नेसणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या सत्तरीतल्या आईला किती लागू होतात, हा उघडा प्रश्न आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत जिल्ह्याची कर्करोग नोंदणी चालते, त्यामुळे किती लोकांना काय झालं हे तरी मोजता येतं. घरात कोणाला काय सांगितलं गेलं, हे कुठल्याही रकान्यात येत नाही.

दुसरा अडसर अंतराचा. पुलगावहून सावंगी-सेवाग्राम जवळ, नागपूर शंभरावर किलोमीटर, मुंबई सातशेच्या पुढे. रेडिएशनचा शेक घ्यायचा तर पुष्कळदा आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे. एवढा काळ घरातला एक माणूस सोबत हवा, आणि तो माणूस बहुधा कमावता असतो. आईने उपचार नाकारले असं ज्याला म्हणतात, ते पुष्कळदा आईने मुलाचा हंगाम वाचवणं असतं. यात उमेद संपली का कोणासाठी तरी राखून ठेवली, यावर नीतिशास्त्राच्या जाणकारांत एकवाक्यता नाही.

दिवाळीनंतर कापूस फुटतो. कर्करोगाच्या बाह्यरुग्ण विभागात तेव्हा किमो, पट्टी, शेक हे सगळं ऐकून घेतल्यावर एक प्रश्न वारंवार येतो. कधी बाई स्वतः विचारते, कधी तिचा नवरा, कधी मुलगा, आणि डॉक्टरांची उत्तरं आजच्या घडीला वेगवेगळी आहेत: ‘वेचणी उरकून आलं तर चालेल का?’